ठेका

खुर्च्या लोखंडी पट्टीवर जोडलेल्या होत्या, त्यामुळे हे सगळं झालं. जुन्या वाचनालयांच्या सभागृहात असतात तशा, एका रांगेत सहा आणि खाली एकच पट्टी. एकाने पाय हलवला की सहाही जणांना कळतं. पावसाळ्यातला शनिवार होता. ओल्या छत्र्या भिंतीला टेकवलेल्या, त्यांच्याखाली पाण्याची थारोळी, दोन पंख्यांपैकी एक कुरकुरणारा आणि आमच्या छोट्याशा फिल्म क्लबने लावलेला ‘द बिग परेड’. किंग विडॉर या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९२५ चा, पहिल्या महायुद्धावरचा मूकपट, चांगला अडीच तासांचा. जंगलाचा प्रसंग आला आणि आमची रांग हलायला लागली. अगदी बारीक. पडद्यावर अमेरिकन सैनिक उंच झाडांमधून एका ओळीत चालत होते, मागून जोडलेलं संगीत जवळजवळ गप्प झालं होतं, नुसता ढोल उरला होता. त्याच्या प्रत्येक ठोक्याला खालची पट्टी थरथरत होती. कुणीतरी ताल धरला होता. पडद्यावर थोड्या थोड्या वेळाने एकेक पोरगा कोसळत होता आणि आमच्या रांगेतला कुणाचा तरी पाय त्याला साथ देत होता.

मी डावीकडे पाहिलं. शेजारचे काका मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले होते, दोन्ही तळवे जमिनीला चिकटलेले. उजवीकडे माझी मैत्रीण, ती कुठेही गेली तरी खुर्चीवर मांडी घालून बसते, म्हणजे तीही नव्हे. तिच्या पलीकडे अंधार. मग मी माझ्याच गुडघ्यावर हात ठेवला. थरथर थांबली की मला जाणवेनाशी झाली, तेही नीट कळलं नाही, कारण तेवढ्यात जंगलात मशीनगन सुरू झाली होती.

बाहेर पडल्यावर सगळे छत्र्या शोधत होते आणि मी चपलांकडे बघत होते. मैत्रीण म्हणाली, “अगं, काय हरवलंय?” काय सांगणार? पिक्चरमध्ये मुलं मरत असताना ज्याचा पाय वाजत होता त्याला शोधतेय, असं? तसं पाहिलं तर त्यात गुन्हा काही नव्हता. ढोल वाजत होता, पाय हलला. पण नेमकी हीच गोष्ट त्या चित्रपटाच्या पहिल्या वीस मिनिटांत घडून गेलेली होती, आणि ती कुणाच्या लक्षात राहिलेली दिसत नव्हती.

जिम ऍपरसन हा गिरणीमालकाचा मुलगा. काम करायचं नाही, बापाच्या पैशावर मजेत राहायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरते, भोंगे वाजतात, गावभर धावपळ होते. जिमला त्याचं काही सोयरसुतक नाही. तो मोटारीतून चाललेला असतो, रस्त्यात मिरवणूक आडवी येते. बँड, झेंडे, भरती झालेली मुलं, त्यांच्यावर उधळलेली माया. मित्र हाका मारतात. आणि मग विडॉर कॅमेरा जिमच्या चेहऱ्यावर ठेवण्याऐवजी खाली पायाकडे नेतो. बूट हळूच वर उचलला जातो, खाली पडतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. जिमला अजून पत्ता नाही, पण पायाने सही करून टाकलेली आहे. देश, कर्तव्य, सन्मान असल्या शब्दांनी आयुष्यात कधी हललं नसतं ते पोर बँडने दोन मिनिटांत हलवलं. भाषण नाही, वाद नाही, आईचे अश्रू नंतर. मूकपटात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं बोलपटात दिसलं असतं का, शंका आहे. बोलपटात त्याला कुणीतरी काहीतरी पटवून दिलं असतं.

पुण्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत, ढोल-ताशाच्या आवाजाबद्दल दरवर्षी नेमाने लेखी तक्रार करतात. डेसिबलचे आकडे त्यांना तोंडपाठ. एका अनंत चतुर्दशीला ते मला टिळक रस्त्यावर दिसले. पथक चौकात थांबलेलं, ताशेवाल्याने तर्री सुरू केलेली, मग टोल पडला आणि पन्नास ढोल एकदम उठले. गृहस्थांचा चेहरा नाराजच होता. कपाळावर आठ्या, एका कानावर हात. आणि खाली डाव्या पायाची चप्पल प्रत्येक ठोक्याला फुटपाथवर पडत होती. मी बघतेय हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, “फार झालंय हो हे आता.” पाय चालूच.

कॉलेजात मी एनसीसीत होते. सकाळी मैदानावर दव असायचं, कॅनव्हासचे बूट पाच मिनिटांत ओले व्हायचे आणि उस्ताद ओरडायचे, “कदमताल!” सुरुवातीला मेंदू वापरून चालावं लागायचं. डावा पाय, उजवा हात, मान सरळ, शेजारणीच्या खांद्याला खांदा. कुणीतरी हमखास डावा पाय आणि डावा हात बरोबर काढायची आणि अख्खी ओळ हसायची. मग एक दिवस मेंदू सुटीवर गेला. तीस-चाळीस मुलींच्या टाचा एकदम पडायला लागल्या आणि तो आवाज जमिनीतून वर यायला लागला. त्यात केवढं सुख होतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरचं, परीक्षेचं, कुणी काय बोललं त्याचं, सगळं त्या ठोक्याखाली बुजून जायचं. आपण एकटे नाही आहोत, आपण मोठ्या कशाचा तरी भाग आहोत, एवढंच उरायचं. तेव्हा उस्तादांनी “तेज चल” म्हणून समोरच्या भिंतीवर धाडलं असतं तरी आम्ही ‘थम’ ऐकू येईपर्यंत गेलो असतो.

विडॉरला ही जादू ठाऊक होती, आणि ती त्याने जाणूनबुजून उलटी वापरली. चित्रपटाच्या तयारीसाठी तो अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअर या संदेशवहन शाखेने चित्रित केलेली युद्धाची रिळं तासन्तास बघत बसला होता. त्यात एका अंत्ययात्रेचं चित्रण होतं. माणसं, घोडे, सगळं एका संथ, जड लयीत चाललेलं. ती लय त्याच्या डोक्यात बसली. मेट्रोनोम, म्हणजे गाणं-वाजवणं शिकणाऱ्यांची टिकटिक करत लय मोजणारी पेटी, घेऊन तो पडद्यासमोर बसला आणि त्या प्रेतयात्रेच्या चालीला त्याने टिकटिक जुळवली. जंगलाचं चित्रीकरण लॉस एंजेलिसमधल्या झाडीत झालं, तेव्हा ती टिकटिक सगळ्यांना ऐकू जावी म्हणून सेटवर मोठा ढोल आणला. हुकूम असा की ढोल पडेल तेव्हाच पाऊल पडेल. मान वळवायची ती ठोक्यावर, बंदूक उचलायची ती ठोक्यावर, गोळी लागून पडायचं तेही ठोक्यावर. त्या गर्दीत एक जुना ब्रिटिश सैनिक होता, त्याने वैतागून विचारलं म्हणे, आम्ही काय बॅले नाचतोय की काय? विडॉरने पुढे आत्मचरित्रात कबूल केलं आहे, होय, बॅलेच होता तो, मृत्यूचा.

हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरात पहिले खेळ लागले तेव्हा या प्रसंगापाशी वाद्यवृंद थांबायचा. एवढा वेळ दणक्यात वाजणारी व्हायोलिनं, पितळी वाद्यं, सगळी गप्प. फक्त ढोल, चित्रीकरणाच्या वेळच्याच चालीत. आपल्याला वाटतं मूकपट म्हणजे शांतता. पण शांतता या एकाच प्रसंगासाठी राखून ठेवलेली होती, आणि तीही पुरती नाही.

तो प्रसंग घरी येऊन पुन्हा बघितला, अगदी तुकड्या-तुकड्याने, थांबवून. झाडं सरळ उभी, फांद्या पार वर, त्यामुळे खाली खोडंच खोडं. उन्हाचे कवडसे. सैनिकांची ओळ रुंदच्या रुंद पसरलेली, दोन माणसांत चार-पाच हातांचं अंतर. संगिनी पुढे. कुणी पळत नाही, कुणी लपत नाही. झाडामागे लपता येईल हे बघणाऱ्याला दिसतं, त्यांना दिसत नाही, कारण त्यांना ठोका सांभाळायचा आहे. पहिला पडतो तेव्हा तो पडला हे कळायलाच क्षण जातो. पाऊल टाकायला वर उचललेला पाय तसाच राहतो आणि माणूस खाली बसल्यासारखा होतो. शेजारचा मान वळवून बघतो. आणि पुढचं पाऊल ठरल्या वेळी टाकतो. मला गोळीपेक्षा त्या वळलेल्या मानेचीच भीती वाटली. तिथे दुःख करायला अर्ध्या ठोक्याचीच जागा होती. पडलेल्यांमुळे ओळीत भोकं पडतात, ती तशीच पुढे सरकतात. बूट पाचोळ्यावर पडताना दिसतात, त्यांचा आवाज मात्र तुम्ही स्वतः भरायचा.

आणि पाय तो भरतो.

आपल्याकडच्या मूकपटांचं काय, हा विचार इथे आल्यावाचून राहत नाही. बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ केला १९२३ मध्ये, विडॉरच्या दोन वर्षं आधी. गडावरची रात्रीची लढाई कृत्रिम प्रकाशात चित्रित केली, त्या काळात ते धाडसच. ‘द बिग परेड’च्याच वर्षी त्यांचा ‘सावकारी पाश’ आला. पडद्याखाली पेटी-तबला असायचा, पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा असायचा, लढाई लागली की तबलजी हात मोकळे सोडत असणार. तानाजीच्या लढाईला कोल्हापूरच्या प्रेक्षकांचे पाय हलले असतील का? हलले असणारच. पण तपासायला फिल्म शिल्लक नाही. तेराशेच्या आसपास मूकपट या देशात झाले आणि मूठभर उरले. ‘द बिग परेड’ची मूळ निगेटिव्ह मात्र सापडली, आणि तिच्यावरून काढलेली प्रत इतकी लख्ख आहे की जिमच्या नखांतली घाण दिसते. ती घाणही विडॉरने मुद्दाम ठेवायला लावली होती. जॉन गिल्बर्ट त्या वेळचा देखणा नट, त्याला मेकअप न करता उभं केलं. हेवा वाटतो. नुसता हेवा नव्हे, थोडा रागही येतो, पण तो कुणावर काढायचा?

खरं सांगायचं तर चित्रपटाचा पहिला भाग मला लांबलेला वाटतो. फ्रान्समधलं खेडं, शेणाचे ढीग, तीन मित्रांच्या खोड्या. हॉलमध्ये दोघं-तिघं याच वेळात चहा प्यायला उठून गेले आणि जिना चढून परत आले तेव्हाही पडद्यावर गंमतच चालू होती. पण पाय बघायचं ठरवल्यावर तोही भाग वेगळा दिसायला लागला. मेलिसांद नावाची शेतकऱ्याची मुलगी जिमला पहिल्यांदा भेटते तेव्हा तो तिला दिसतच नाही. त्याने अंघोळीसाठी एक पिंप डोक्यावरून पालथं घेतलेलं असतं आणि पिंपाखालून दोन पाय तेवढे चाललेले असतात. ती हसून हसून बेजार होते. पुढे त्यांचं जमतं. तिला इंग्रजी येत नाही, त्याला फ्रेंच येत नाही, मग तो तिला च्युइंगगम खायला शिकवतो. हा प्रसंग बराचसा आयत्या वेळी सुचलेला. ती चावते, चावते आणि गिळून टाकते. मेलिसांद झालेल्या रने अदोरेचा तो चेहरा, गिळल्यानंतरचा, मी पाच-सहा वेळा मागे जाऊन बघितला. दोन भाषांमधली अडचण कुठलीही पाटी न दाखवता संपवली आहे. मूकपटात सगळेच मुके, त्यामुळे तिचं फ्रेंच आणि त्याचं इंग्रजी यांत फरकच उरत नाही.

मग हुकूम येतो. मालमोटारींची रांग लागते, खेड्यात एकच गलका. ती त्याला शोधत धावते, सापडतो, मोटार सुटते. ती त्याचा पाय धरते, मोटारीला लोंबणारी साखळी धरते, फरफटत जाते. तो हाताला लागेल ते तिच्याकडे फेकतो. घड्याळ, गळ्यातला बिल्ला, आणि मग काही उरत नाही म्हणून पायातला बूट काढून फेकतो. धूळ. मोटारी जात राहतात. ती रस्त्याच्या मधोमध बसलेली, छातीशी एक चिखलाचा लष्करी बूट. शेजारच्या काकांनी इथे चष्मा काढून पुसला. या मोटारींचीही एक गोष्ट आहे. टेक्सासमध्ये खऱ्या फौजेच्या मदतीने दोनशे मोटारी आणि हजारो सैनिक जमवले होते. विडॉरने धाडलेला माणूस वळणावळणाच्या रस्त्यावरचं चित्रण घेऊन आला. विडॉरला सरळ रस्ता हवा होता, क्षितिजापर्यंत. तो स्वतः गेला आणि सगळं पुन्हा घेऊन आला. वळण असलं की माणसाला वाटतं पलीकडे काहीतरी असेल. सरळ रेषेत तशी सोय नाही.

गोष्ट लिहिणारा लॉरेन्स स्टॉलिंग्ज हा स्वतः अमेरिकन मरीन सैनिक. १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या बेलो वुड जंगलाच्या लढाईत त्याच्या पायाला गोळ्या लागल्या आणि पुढे १९२२ मध्ये तो पाय कापावा लागला. जंगल तेच. पडद्यावर ठोक्याने चालणारी माणसं बघताना तो लाकडी पाय घेऊन कुठेतरी मागच्या खुर्चीत बसला असेल, हे मला आधी माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर चित्रपटातला प्रत्येक पाय वेगळा दिसायला लागला. जिम रात्रीच्या लढाईत, मित्र मेल्यावर, हुकूम धाब्यावर बसवून वेड्यासारखा पुढे धावतो, पायात गोळी लागते आणि तो सरपटत तोफगोळ्याच्या खड्ड्यात जातो. तिथे एक जर्मन पोरगा, जिमच्याच गोळीने घायाळ. जिम संगीन काढतो. पोरगा सिगरेट मागतो. जिम त्याला सिगरेट देतो, आणि थोड्या वेळाने तो पोरगा मरतो. या प्रसंगात ढोल नाही. माणूस जमिनीवर आडवा झाला की त्याला चाल राहत नाही, आणि चाल नसली की समोरचा चेहरा दिसतो.

घरी परत येतो तेव्हा एक पाय नाही. आई धावत येते, त्याला मिठी मारते, तिची नजर खाली जाते आणि तिच्या डोळ्यांपुढे इवल्या पायांचा लहानगा जिम उभा राहतो. ही युक्ती आज कुणी केली तर आपण नाक मुरडू. तिथे नाही मुरडता आलं.

याच युद्धात हात-पाय गमावून आलेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, एक शाळा निघाली, क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल. काही वर्षांनी ती खडकीला आली, आणि अजून तिथेच आहे. जखमी शिपायाला हाताला काही तरी धंदा शिकवून परत गावी पाठवायचं, असा तिचा उद्देश. मी त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेले आहे, आणि फाटकावरच्या पाटीकडे कधी निवांत पाहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ ला, वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. तिथून पहिल्यांदा लाकडी पायावर बाहेर पडलेल्या एखाद्या सातारकराने घरी जाताना काय केलं असेल? त्याच्यावर कुणी अडीच तासांचा चित्रपट काढला नाही.

आणि जे परतलेच नाहीत ते. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत त्या युद्धाच्या शिळा असतात. या गावातून लढाईवर इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. मराठा पलटणी फ्रान्सच्या जंगलात नव्हत्या, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी तिथल्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं, आणि उपासमारीने आधीच खंगलेल्या कैद्यांना तुर्कांनी वाळवंटातून चालवत नेलं. शेकडो मैल. बगदाद, मोसुल, पुढे रेल्वेच्या कामावर. वाटेत किती पडले, किती मागे राहिले. तिथे ढोल नव्हता, बँड नव्हता, ओळ तरी होती की नाही कोण जाणे. मात्र भरतीच्या दिवशी, बेळगावला किंवा साताऱ्याला, बँड वाजला असणार. तो नेहमी वाजतो.

विडॉरला म्हातारपणी या चित्रपटाबद्दल विचारलं, तर तो फारसा खूश नव्हता. करताना मला तो युद्धाविरुद्धचा वाटत होता, असा त्याचा सूर होता, म्हणजे नंतर तसं वाटेना. मला त्याचं पटतं आणि पटत नाही. न्यूयॉर्कच्या ॲस्टर थिएटरात तो ९६ आठवडे चालला. लोक दोन वर्षं काय बघायला येत होते? च्युइंगगम, बूट, रडणं, हे तर होतंच. पण जंगलातला तो ढोलही बघायला, म्हणजे ऐकायला, येत असणार, आणि तो ऐकताना त्यांचेही पाय हलत असणार. विडॉरने फसवणुकीचं यंत्र उघडून दाखवलं, पण दाखवताना ते चालूच ठेवलं. बंद करून दाखवलं असतं तर कुणाला कळलं नसतं ते कसं चालतं. हा पेच त्याला सुटला नाही, आणि त्याने सुटल्याचा आवही आणला नाही, म्हणून मला तो आवडतो.

बोलपट आले आणि यातल्या बऱ्याच जणांचं बस्तान उठलं. गिल्बर्ट दहा वर्षांच्या आत खचून गेला, १९३६ मध्ये वारला. अदोरे त्याआधीच क्षयाने गेली. जिमचा उंच, गमत्या मित्र स्लिम झालेला कार्ल डेन डॅनिश होता, त्याच्या उच्चारांना बोलपटात काम मिळेना, १९३४ मध्ये त्याने स्वतःला गोळी घातली. चित्रपटातही तीन मित्रांत स्लिमच आधी जातो.

मैत्रिणीशी माझा वाद आहे तो शेवटावरून. तिचं म्हणणं, चित्रपट आई मिठी मारते तिथे संपायला हवा होता. पुढचं सगळं प्रेक्षकांना खूश करायला चिकटवलेलं. जिम फ्रान्सला परत जातो, मेलिसांद शेतात नांगर धरून उभी असते, तोंडात च्युइंगगम, लांबवर कुणीतरी येताना दिसतं, ती धावते. “असला गोड शेवट एमजीएमसारख्या स्टुडिओलाच सुचणार,” ती म्हणाली. तिचं चूक नाही. पण तो येतो कसा, ते बघ, असं मी तिला म्हटलं. नांगरलेलं शेत, ढेकळं, लाकडी पाय, हातात काठी. एक पाऊल लांब, एक आखूड, मध्ये काठी रुतते, तोल जातो, तो पुन्हा सावरतो. त्याला घाई आहे आणि घाई करता येत नाही. अख्ख्या चित्रपटात त्याचं चालणं पहिल्यांदा कुठल्याच ठोक्यात बसत नाही. संगीतकार बिचारा व्हायोलिनं उधळतो, काही उपयोग होत नाही, त्या चालीला ताल जुळवणं शक्यच नाही. त्या माणसाला आता कुठलाही बँड कुठल्याही मिरवणुकीत घेऊन जाऊ शकणार नाही.

ती म्हणाली, “हे तू बघतेयस. विडॉरने नाही केलं तसं.”

असेल. दोघीही हटून बसलो आहोत. अमेरिकेत २०२१ पासून या चित्रपटाचे हक्क मोकळे झाले आहेत, तेव्हा कुणालाही शोधून बघता येईल. फक्त प्रत बघून घ्या. काही फुकट प्रतींना कुणीतरी भलताच पियानो जोडलेला आहे, जंगलातसुद्धा तो थांबत नाही, आणि मग आम्ही कशावरून भांडतोय तेच तुम्हाला कळणार नाही.